एकट्याचा डाव आणि टोब्रुकचें रण

रात्रीं निजानीज झाल्यावर एखाद्या घरांत टेबलावरचा दिवा तेवढा जळत असतो. त्याच्या उजेडांत एक पट पसरलेला असतो; पण तो बुद्धिबळाचा नव्हे आणि सारीपाटाचाही नव्हे. वाळूच्या फिकट रंगाच्या कागदावर मधमाशांच्या पोळ्यासारखीं षट्कोणी घरें आंखलेलीं असतात, आणि त्यांवर जाड पुठ्ठ्याच्या लहान चौकोनी सोंगट्या मांडलेल्या असतात. एका सोंगटीवर रणगाड्याचें चित्र, दुसरीवर तोफेचें, तिसरीवर बंदूकधारी शिपायांचें. प्रत्येकीच्या कडेस बारीक आंकडे. शेजारीं दोन फासे आणि पोथीएवढें जाड नियमांचें पुस्तक. समोरची खुर्ची मात्र रिकामी असते. खेळाडू एकटाच आहे. एका पक्षाची चाल करून झाली कीं तो उठतो, पटाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन बसतो, आणि क्षणापूर्वीं ज्याच्यावर त्यानें हल्ला चढविला त्याच्याच वतीनें त्या हल्ल्यास तोंड देऊं लागतो.

तिऱ्हाइतास हें वेड वाटेल. डाव म्हटला कीं प्रतिपक्ष हवा. हार-जीत दोघांची असते. ज्यानें स्वतःलाच जिंकावयाचें आणि स्वतःशींच हरावयाचें, त्यानें खेळून मिळवावयाचें तें काय? या प्रश्नाचें उत्तर त्या पटाच्या इतिहासांतच सांपडतें. आणि त्या उत्तराचा एक धागा लिबियाच्या वाळवंटांतून निघून थेट कोंकणांतील आणि देशावरील मराठी गांवांपर्यंत येऊन पोंचतो.

युद्धाची प्रतिमा पटावर मांडण्याची कल्पना भारताला परकी नाहीं. हत्ती, घोडा, रथ आणि पदाति या सेनेच्या चार अंगांवरून ज्याला चतुरंग हें नांव पडलें, त्या खेळापासूनच आजचें बुद्धिबळ जन्मास आलें. परंतु रणांगणावर सदैव असणाऱ्या दोन गोष्टी बुद्धिबळांत नाहींत. तेथें दैवाला जागा नाहीं, आणि तेथें कांहींच झांकलेलें नाहीं. दोन्ही सेना परस्परांस पूर्णपणें दिसत असतात. खरा सेनापति मात्र अर्धवट बातमीवर, उशिरा आलेल्या निरोपावर आणि पुष्कळदां निव्वळ अंदाजावर हुकूम सोडीत असतो.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रशियांत झाला. फॉन राइसविट्झ नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें 1812 सालीं तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म या राजाला आपली युद्धक्रीडा दाखविली. पुढें त्याच्या मुलानें, जो तोफखान्यांत लेफ्टनंट होता, तिच्यांत सुधारणा करून 1824 सालीं ती प्रसिद्ध केली. चौकोनी घरें जाऊन तेथें 1:8000 या प्रमाणाचा भूमीचा नकाशा आला. एका चालीस दोन मिनिटांचा काळ ठरला. गोळीबाराचा परिणाम फाशांच्या दानावर आणि कोष्टकांवर अवलंबून राहूं लागला. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन पक्षांच्या मध्यें एक पंच येऊन बसला. दोन्ही सेनापति आपापले हुकूम त्याच्या हवालीं करीत, आणि शत्रूचा जेवढा भाग खरोखर दृष्टीस पडला असता तेवढाच तो नकाशावर ठेवी. बाकीचें सारें त्याच्या पोटांत राही. सेनाधिपति फॉन म्यूफ्लिंग हा प्रथम या खेळाकडे उदासीनपणें पाहत होता, असें सांगतात. परंतु डाव रंगतांच त्यानें तो खेळ नसून युद्धाचें शिक्षण आहे असा अभिप्राय दिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. या खेळाचा प्राण पंच हाच होता. फासे लहरी असतात, सेनापति पक्षपाती असतात. निःपक्षपाती असा एकटा पंचच.

हें शास्त्र छावणींतून घरांत यावयास शंभर वर्षें लागलीं. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें 1913 सालीं खेळण्यांतल्या शिपायांनीं लढावयाच्या लढायांचें एक पुस्तक लिहिलें. त्यानंतर 1954 मध्यें चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन गृहस्थानें पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा पहिला युद्धपट विक्रीस काढला, आणि 1958 मध्यें बाल्टिमोर येथें ॲव्हलॉन हिल ही संस्था स्थापन केली. 1961 पासून त्याच्या पटांवर चौकोनाच्या जागीं षट्कोण आला. कारण सोपें आहे. चौकोनी घरांतून तिरपें जाणाऱ्यास एका पावलांत अधिक अंतर कापतां येतें. षट्कोणाच्या साही शेजाऱ्यांचें अंतर सारखेंच असतें. जेम्स डनिगन यानें 1970 च्या 'पँझरब्लिट्झ' या पटांत सेनापतीचा दृष्टिकोन सोडून खेळाडूला रणगाड्यांच्या पथकांपर्यंत खालीं उतरविलें.

या पटकारांना वाळवंटाची ओढ आरंभापासून होती. 1964 मध्यें रॉमेलच्या आफ्रिकेंतील मोहिमेवर ॲव्हलॉन हिलनें पट काढला. 1975 मध्यें हॅल हॉक यानें रचलेल्या 'टोब्रुक' या पटावर नदी नाहीं, झाड नाहीं, गांव नाहीं. नुसतीं मोकळीं घरें. तेथें एक सोंगटी म्हणजे एक रणगाडा; गोळा लागला कीं नाहीं, लागला तर कोठें लागला आणि पोलाद फुटलें काय, यासाठीं वारंवार फासे टाकावयाचे. 1988 मध्यें आलेल्या 'वेस्ट ऑफ अलामेन' या पटसंचांत तर धांवत्या गाडीमागें उठणारी धूळ, दुपारीं हवेला सुटणारा थरथराट आणि डोळ्यांवर येणारें ऊन यांचेही नियम आहेत. रिचर्ड बर्ग याच्या 1979 च्या पटांत दहा खेळाडूंची अपेक्षा केलेली आहे. इटालियन शिपायांना शेवया उकडण्यासाठीं पाण्याचा जादा वांटा द्यावा, असा एक मिस्किल नियमही त्यांत आढळतो.

वाळवंटच कां? लष्करी लेखकांनीं पुष्कळदां त्याची तुलना समुद्राशीं केली आहे. आडोसा नाहीं, अडथळा नाहीं, मध्यें सांपडणारी मोठीं शहरें नाहींत. जो आधीं पाहतो तो आधीं मारतो. रशियांतील अरण्यांत एखाद्या सेनापतीची चूक झाडीआड लपून जाते. वाळवंटांत ती दुपारच्या उन्हांत उघडी पडते. पटावर मांडून तपासण्यास याहून स्वच्छ रण नाहीं.

पण असे पट खेळावयास सोबती मिळेना. नियम शिकण्यास आठवडे, डाव संपण्यास कित्येक रात्री. दोघांना एकाच वेळीं एवढी सवड कोठून? वाचकांच्या पाहण्यांवरून डनिगनला असें आढळलें कीं युद्धपट विकत घेणारे पुष्कळसे लोक तो एकटेच खेळतात. अशा रीतीनें प्रशियाच्या दिवाणखान्यांतील तीन माणसें एकाच खुर्चींत येऊन बसलीं. दोन्ही सेनापतीही तोच आणि पंचही तोच.

यांत अवघड काय असेल तर तें पंचाचें काम. एकट्या खेळाडूला सर्व सोंगट्या दिसतात. म्हणून न दिसल्यासारखें वागणें त्याला शिकावें लागतें. दान म्हणजे या हाताचें त्या हाताला कळूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. येथें फाशाच्या दानाबाबत तोच दंडक पाळावा लागतो. अनुभवी खेळाडू डाव मांडण्यापूर्वीं दोन्ही पक्षांचे बेत कागदावर लिहून ठेवतो आणि त्यांस बांधील राहतो. एका पक्षापुढें तीन मार्ग असतील तर कोणता घ्यावा हें फाशांवर सोडतो. राखीव रणगाडे हलवावेसे वाटले, तरी शत्रू शिरल्याची बातमी त्या रणगाड्यांपर्यंत खरोखर केव्हां पोंचली असती याचा हिशेब करतो, आणि तोंवर त्यांस बोट लावीत नाहीं. चोरी करणें सर्वांत सोपें असतें तें पाहणारा कोणी नसतांना. म्हणून एकट्याचा डाव ही बुद्धीइतकीच सचोटीची परीक्षा असते.

ही परीक्षा थोरामोठ्यांनाही उतरतां येत नाहीं. 1942 च्या मे महिन्याच्या आरंभीं जपानी आरमाराच्या 'यामातो' या नौकेवर मिडवे बेटावरील नियोजित स्वारीची युद्धक्रीडा चालली होती. अमेरिकन विमानांच्या हल्ल्याचे फासे पडले. नऊ गोळे लागले आणि 'अकागी' व 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या असें ठरलें. मुख्य पंच अॅडमिरल उगाकी यानें तो निकाल फिरवून नऊंचे तीन केले. 'अकागी' वांचली, 'कागा' बुडाली खरी, पण पुढच्या डावांत तीही पुन्हां पाण्यावर आली. महिन्याभरानें, 4 आणि 5 जूनला, खऱ्या समुद्रांत त्या दोघींसह चार विमानवाहू नौका तळाशीं गेल्या. फाशांनीं इशारा दिला होता. पंचानें तो पुसून टाकला होता.

त्याच जून महिन्यांत, आणखी पंधरवड्यानें, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर एक लढाई झाली. एकट्या खेळाडूनें सचोटीनें मांडून पाहावी अशी ती लढाई आहे. ती टोब्रुकची होय.

लिबियांतील टोब्रुक हें बंदर इंग्रजांनीं 1941 च्या जानेवारींत इटालियनांकडून घेतलें. त्याच वर्षीं एप्रिलपासून रॉमेलनें त्याला वेढा घातला, आणि ऑस्ट्रेलियन व इतर फौजांनीं तो सुमारें आठ महिने दाद न देतां सोसला. सगळ्या जगांत टोब्रुकचें नांव गाजलें. नांव गाजलें म्हणजे तटही तसाच उभा आहे असें लोक समजतात. येथेंच फसगत झाली. 1942 च्या फेब्रुवारींत मध्यपूर्वेंतील इंग्रज सेनापतींनीं असें ठरविलें होतें कीं पुन्हां वेढा पडण्याची वेळ आली तर टोब्रुक धरून बसावयाचें नाहीं. त्यानंतर तटबंदीकडे दुर्लक्ष झालें. रणगाडे अडविण्यासाठीं खणलेला खंदक जागोजाग वाळूनें भरून आला. तेथले पुष्कळ सुरुंग उपटून पश्चिमेकडील गझालाच्या फळींत नेऊन पेरण्यांत आले. 26 मे रोजीं रॉमेलनें त्या फळीवर स्वारी केली; जूनच्या मध्यास इंग्रजांचे बहुतेक रणगाडे निकामी होऊन सैन्य मागें हटूं लागलें, आणि मग ऐन वेळीं टोब्रुक राखावयाचें ठरलें. तें राखण्याचें काम आलें दक्षिण आफ्रिकेच्या मेजर-जनरल क्लॉपर याच्याकडे. डिव्हिजनचें आधिपत्य हातीं येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते.

सुमारें पन्नास किलोमीटरच्या त्या तटाच्या आग्नेय बाजूस अकरावी भारतीय ब्रिगेड होती. तींत स्कॉटलंडची कॅमरन हायलंडर्सची पलटण होती, गुरख्यांची एक पलटण होती, आणि पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. 'काळी पांचवी' म्हणून ओळखली जाणारी ती हीच. कोंकण आणि देश या दोन्ही भागांतून आलेले तिचे शिपाई पावसाच्या मुलखांत वाढलेले. मृगाचा महिना होता आणि ते वाळूंत उभे होते.

20 जूनला पहांटे, पांच वाजून गेल्यावर, जर्मन विमानें आलीं. त्यांचे तळ जवळच होते; बाँब टाकावेत, परत जावें, पुन्हां भरून यावें. इंग्रजांच्या लढाऊ विमानांचे तळ मात्र मागें सरकल्यामुळें टोब्रुकवर छत्र धरण्यास तीं येऊं शकत नव्हतीं. मागोमाग तोफा सुरूं झाल्या. धुराच्या आड सुरुंग काढणारे पुढें सरले, खंदकावर पूल पडले, आणि साडेआठच्या सुमारास जर्मन रणगाडे आंत येऊं लागले. हा सारा आघात नेमका मराठा पलटणीच्या फळीवर आला.

आतां हाच प्रसंग पटावर मांडावा. खेळाडू प्रथम दक्षिणेच्या बाजूस बसतो. जर्मन सोंगट्यांचा ढीग त्याच्या हाताशीं आहे. काय करावें हें त्याला पडत नाहीं. एका अरुंद जागीं सारें बळ ओतावें एवढेंच काम. असा बेत रॉमेलनें 1941 च्या नोव्हेंबरांतच याच आग्नेय बाजूसाठीं आंखून ठेविला होता. मग खेळाडू उठून उत्तरेच्या बाजूस येतो. येथें सोंगट्या थोड्या, घरें पुष्कळ. दोन ठाण्यांमधलें अंतर एवढें कीं एकाला दुसऱ्याची मदत व्हावी कशी हें कळत नाहीं. मागचे राखीव रणगाडे दूर. त्यांना हुकूम कधीं पोंचेल याचा हिशेब केला, तर उत्तर येतें: उशिरा. प्रत्यक्षांतही तेंच झालें. तो प्रतिहल्ला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनीं आला.

फासे तर फासेच. एखाद्या रात्रीं बचावाचें दान असें पडतें कीं खंदकाशीं चार रणगाडे पेटतात आणि फळी दुपारपर्यंत टिकते. एखाद्या रात्रीं ती तासाभरांत फुटते. परंतु वारंवार मांडून पाहतां खेळाडूच्या एक गोष्ट ध्यानीं येते. फळीवरील सोंगट्या कशाही खेळविल्या तरी शेवट फारसा बदलत नाहीं. तो बदलावयाचा असेल तर डाव सुरूं होण्यापूर्वीं मांडणींत हात घालावा लागतो. काढून नेलेले सुरुंग परत पेरा, खंदकांतली वाळू उपसा, राखीव रणगाडे जवळ आणा, आकाशांत आपलीं विमानें ठेवा. मग त्याच मराठा सोंगट्या, त्याच आंकड्यांनिशीं, त्याच फळीवर उभ्या राहतात. म्हणजे 20 जूनची लढाई 20 जूनला हरलेली नव्हती. ती फेब्रुवारीपासून थोडी थोडी हरली जात होती.

एकट्याच्या डावाचें मोल तें हेंच. समोर प्रतिस्पर्धी असता तर खेळाडूचें मन जिंकण्यांत गुंतलें असतें, आणि हरलेल्या सोंगट्या त्यानें डबींत टाकल्या असत्या. दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीनें बसणाऱ्याला तसें करतां येत नाहीं. कोण जिंकलें हा प्रश्न त्याच्यापुरता संपलेला असतो. हें असें कां झालें, एवढाच उरतो. आणि त्या प्रश्नाचें उत्तर देतांना ज्यानें हुकूम दिले आणि ज्यानें ते झेलले, त्यांचा हिशेब त्याला वेगवेगळा मांडावा लागतो.

जगानें तो तसा मांडला नाहीं. संध्याकाळपर्यंत रणगाडे बंदरांत पोंचले. 21 जूनच्या सकाळीं क्लॉपर शरण गेला आणि सुमारें 33,000 माणसें कैद झालीं. शरणागतीची बातमी होऊनही गुरखे आणि कॅमरन यांनीं शस्त्रें लगेच खालीं ठेविलीं नाहींत. चर्चिल त्या वेळीं वॉशिंग्टनमध्यें रूझवेल्टच्या भेटीस गेलेला होता. त्यानें पुढें आपल्या आठवणींत या घटनेची गणना नुसत्या पराभवांत न करतां बेअब्रूंत केली. जुलैच्या 2 तारखेस त्याच्या सरकारवरचा अविश्वासाचा ठराव 475 विरुद्ध 25 मतांनीं फेटाळला गेला. रॉमेल फील्डमार्शल झाला. मराठा शिपाई कैद्यांच्या छावण्यांकडे चालूं लागले.

याच रेजिमेंटच्या दोन वीरांचीं नांवें महाराष्ट्राच्या तोंडीं आहेत. नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या, आणि नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या इटलींतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा गौरव सर्वथा योग्य आहे. परंतु टोब्रुकच्या खंदकाशीं उभे राहिलेल्यांसाठीं पोवाडा झाला नाहीं. पराभवाच्या दिवशींही शिपाई आपल्या जागीं उभा असतो, हें विजयाच्या इतिहासांत नमूद होत नाहीं. जिच्या वांट्यास पराभव येतो ती पलटण कुचकामाची ठरते, आणि ज्यांनीं सुरुंग उपटून नेले त्यांची सही कोणी पाहत नाहीं.

युद्धपटाची योग्यता वाढवून सांगण्याचें कारण नाहीं. त्याच्यावर तहान नाहीं, भय नाहीं, घरून आलेलें पत्र नाहीं. सोंगटी उलटली म्हणजे चार-आठ माणसें नाहींशीं झालीं. पण बोटाला तिचें वजन जाणवत नाहीं. शौर्य मोजण्याचा फासा अजून कोणी घडविला नाहीं. तरीही उगाकीच्या पटावर जें झालें तें आपल्या टेबलावर होऊं द्यावयाचें नाहीं, पडलें तें दान पडलें म्हणावयाचें, आवडत्या पक्षाला एक घरही चोरून द्यावयाचें नाहीं, एवढा नेम पाळणारा माणूस मध्यरात्रीं दिव्याखालीं बसून जें करीत असतो तें इतिहासकाराच्या कामापासून फारसें दूर नाहीं. दोहोंकडे बसून पाहणें आणि निकाल न फिरविणें, हेंच इतिहासकारालाही करावयाचें असतें.

डाव संपतो. सोंगट्या डबींत जातात. जर्मन एका कप्प्यांत, मराठा दुसऱ्या कप्प्यांत. दिवा मालवण्यापूर्वीं खेळाडू पटाच्या आग्नेय कोपऱ्यावर क्षणभर हात ठेवतो. तेथें छापलेलें कांहींच नसतें. ओळीनें मांडलेलीं कांहीं मोकळीं घरें, आणि वाळूचा फिकट रंग.